शॉन ओग ओ हॅलपीन: कॉर्कचा विजेता कॅप्टन संपावर का गेला

आयर्लंडच्या कॉर्क काउंटीने (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) ऑल-आयर्लंड हर्लिंग चॅम्पियनशिप शेवटची जिंकली ११ सप्टेंबर २००५ ला. त्या दिवशी डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये कप उचलला शॉन ओग ओ हॅलपीनने. जन्म फिजीच्या रोटुमा बेटावर, लहानपण सिडनीत, आणि आयर्लंडला आला तेव्हा पोरगा दहा-अकरा वर्षांचा. आणि त्यानंतर साडेतीन वर्षंही झाली नाहीत तर हाच माणूस आपल्या सहकाऱ्यांबरोबर संपावर, कॉर्कची लाल जर्सी घालणार नाही म्हणून ठाम, आणि समोर मॅनेजर म्हणून कोण उभा होता तर जेराल्ड मॅकार्थी, जो स्वतः १९६६ चा कॉर्कचा विजेता कॅप्टन. म्हणजे एकाच काउंटीचे, एकाच कपावर नाव असलेले दोन कॅप्टन आमनेसामने. हे असं का झालं, आणि त्यात कोणाचं काय चुकलं, ते नीट बघायचं म्हणून हे प्रकरण लिहायला घेतलंय.

ज्यांनी हर्लिंग कधी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एका बाजूला १५ जण, हातात ॲशच्या लाकडाची पुढे चपटी रुंद असलेली काठी म्हणजे हर्ली, चामड्याचा छोटा कडक बॉल म्हणजे स्लिटर, आणि तो ताशी शंभर किलोमीटरच्या वर जातो. गोलपोस्ट इंग्रजी एच अक्षरासारखा, आडव्या दांडीच्या खालून बॉल गेला की गोल म्हणजे ३ पॉइंट, वरून गेला की १ पॉइंट. स्कोअर १-२१ लिहिला असेल तर १ गोल आणि २१ पॉइंट, एकूण २४. काउंटीची मोठी मॅच ७० मिनिटांची. हे सगळं चालवते जीएए, १८८४ मध्ये थर्ल्स गावात स्थापन झालेली संघटना, जिची मुळं गावोगावच्या क्लबमध्ये आहेत.

आता या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. इथे खेळाडूला पगार नाही. क्रोक पार्कमध्ये ऐंशी हजार लोक तिकीट काढून बसतात, टीव्हीवर देश बघतो, आणि सोमवारी सकाळी तोच खेळाडू शाळेत शिकवायला किंवा बँकेत कामाला जातो (शॉन ओग बँकेतच होता). खरेदी-विक्री नाही, बोली नाही, तुमचा क्लब म्हणजे तुमचा मोहल्ला आणि तुमची काउंटी म्हणजे तुमचं घर, बस. त्यामुळे कॅप्टनकडे कोणाला बक्षीस द्यायची ताकद नाही, शिक्षा करायची तर नाहीच. जे काही आहे ते लोकांच्या विश्वासावर. आणि म्हणूनच बाहेरून आलेल्या मुलाने हा विश्वास कसा मिळवला हे बघणं मला फार मोलाचं वाटतं.

वडील फर्मानाचे. फर्माना ही उत्तरेकडची काउंटी, तिथे हर्लिंगचं फारसं नाव नाही. आई एमेली रोटुमाची. रेडिओचा दिग्गज कॉमेंटेटर मिहाल ओ मुरहर्टीने हेच आपल्या खास ढंगात एकदा सांगितलं, की वडील फर्मानाचे, आई फिजीची, आणि दोन्हींपैकी एकही जागा हर्लिंगचा बालेकिल्ला नाही. आयर्लंडमध्ये हे वाक्य आजही लोक तोंडपाठ म्हणून दाखवतात. कुटुंब सिडनीत राहायचं, १९८८ मध्ये कॉर्क शहरात आलं. शॉन ओग सगळ्यात मोठा, मागे भावंडं. सिडनीच्या उन्हातून उचलून कॉर्कच्या पावसात आणून ठेवलेली ही मुलं, चेहरा वेगळा, बोलण्याचा हेल वेगळा, आणि १९८८ चं आयर्लंड म्हणजे असा देश जिथून लोक नोकरीसाठी बाहेर जायचे, आत येणारं कोणी फारसं नव्हतंच. रंगावरून टोमणे ऐकावे लागले हे त्याने मोठेपणी उघडपणे सांगितलंय.

दोन जागांनी त्याला आत घेतलं. एक शाळा, नॉर्थ मॉनेस्टरी, कॉर्कच्या उत्तर भागातली जुनी ख्रिश्चन ब्रदर्सची शाळा, हर्लिंगसाठी प्रसिद्ध, आणि जिथून जॅक लिंच नावाचा मुलगा शिकून पुढे कॉर्कचा हर्लिंग कॅप्टन झाला आणि त्याच्याही पुढे देशाचा पंतप्रधान झाला. तिथे शॉन ओग आयरिश भाषेतून शिकला. दुसरी जागा म्हणजे ना पीअर्सिग क्लब, तोही शहराच्या उत्तर बाजूचा, कामगार वस्तीतला. इतर पोरं चालायला लागल्यापासून हर्ली घेऊन फिरतात, याने दहा-अकराव्या वर्षी सुरुवात केली, म्हणजे सात-आठ वर्षांची पिछाडी. ती भरून निघाली ती निव्वळ मेहनतीने, आणि हे मी कौतुक म्हणून सांगत नाहीये, त्याच्या खेळात ते दिसायचं. मनगटाची जादू असलेला तो खेळाडू नव्हताच. तो डावा विंग-बॅक म्हणजे डाव्या बाजूचा बचाव करणारा, ७ नंबरची जर्सी, आणि त्याची ताकद म्हणजे फिटनेस, उंच बॉलखाली न घाबरता उभं राहणं, आणि आपल्यासमोरच्या माणसाला ७० मिनिटं सोडायचं नाही.

१९९६ मध्ये कॉर्कच्या सीनियर टीममध्ये आला. १९९९ ला कॉर्कने किल्केनी काउंटीला ०-१३ विरुद्ध ०-१२ असं एका पॉइंटने हरवून ऑल-आयर्लंड जिंकली, आणि दोन आठवड्यांनी हाच पठ्ठ्या गेलिक फुटबॉलच्या (जीएएचा दुसरा मोठा खेळ, पुढे फुटबॉल म्हणेन तो हाच) ऑल-आयर्लंड फायनलमध्येही कॉर्ककडून खेळला, तिथे मीथकडून हरले. एकाच महिन्यात दोन वेगळ्या खेळांच्या राष्ट्रीय फायनल, आणि तेही बिनपगारी. मग २००१ मध्ये कार ॲक्सिडेंट, गुडघ्याच्या वाटीचा स्नायुबंध तुटला, करिअर संपलं असंच लोकांना वाटलं होतं. तो परत आला, आणि २००३, २००४, २००५ अशी सलग तीन वर्षं ऑल-स्टार म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या संघात त्याची निवड झाली, २००४ मध्ये तर वर्षाचा सर्वोत्तम हर्लर.

पण या दोन गोष्टींच्या मध्ये, २००२ च्या हिवाळ्यात जे घडलं तिथे या प्रकरणाचं खरं बी आहे. कॉर्कच्या हर्लिंग टीमने नोव्हेंबरच्या शेवटी जाहीर केलं की आम्ही खेळणार नाही. मागण्या काय होत्या ते बघा: मॅचला जायचा प्रवास धड असावा, डॉक्टर वेळेवर मिळावा, जिम मिळावी, घरच्यांसाठी तिकिटांची सोय व्हावी, आणि खेळाडूंशी माणसासारखं बोललं जावं. पैसे मागितले नव्हते. समोर काउंटी बोर्ड, म्हणजे काउंटीत जीएएचा कारभार बघणारं मंडळ, आणि बोर्डाचा चेहरा म्हणजे सेक्रेटरी फ्रँक मर्फी, अनेक दशकं त्या खुर्चीत असलेला, नियमपुस्तक कोळून प्यायलेला माणूस. संपाचा आवाज होता गोलकीपर डोनल ओग क्युसॅकचा. डिसेंबरमध्येच बोर्डाने बऱ्याच मागण्या मान्य केल्या.

माझ्या मते हा संप शंभर टक्के बरोबर होता, आणि त्याचा परिणाम पुढच्याच वर्षी मैदानात दिसला. डोनल ओ'ग्रेडी मॅनेजर म्हणून आला, तयारी प्रोफेशनल पद्धतीने सुरू झाली, क्युसॅकपासून बॉल छोट्या पासने पुढे न्यायची, लांब भिरकावून देवाच्या भरवशावर न सोडायची स्टाइल आली. २००३ ला फायनल हरले किल्केनीकडून, २००४ ला त्याच किल्केनीला ०-१७ विरुद्ध ०-९ असं धुतलं, आणि किल्केनीची सलग तिसरी ऑल-आयर्लंड रोखली. म्हणजे खेळाडूंच्या डोक्यात एक हिशोब पक्का झाला, की आपण एकत्र उभे राहिलो तर वागणूकही सुधारते आणि कपही येतो. पुढे जे झालं ते या हिशोबाशिवाय कळत नाही.

आता कॅप्टनपद कसं आलं ते ऐका, कारण बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल. त्या काळी कॉर्कमध्ये काउंटी टीमचा कॅप्टन मॅनेजर ठरवत नसे. आदल्या वर्षीची कॉर्कची क्लब चॅम्पियनशिप जो क्लब जिंकेल तो क्लब कॅप्टनचं नाव देणार, अशी रीत. २००३ ला न्यूटाउनशँड्रम क्लब जिंकला म्हणून २००४ ला त्यांचा बेन ओ'कॉनर कॅप्टन. २००४ च्या क्लब फायनलमध्ये ना पीअर्सिगने क्लॉइन क्लबला हरवलं, आणि क्लॉइन म्हणजे क्युसॅकचाच क्लब. तो सामना उलटा गेला असता तर २००५ ला कपाशेजारी दुसराच कोणी उभा असता. म्हणून मी म्हणतो की शॉन ओगचं कॅप्टनपद वरून आलेलं नाही, खालून आलंय. उत्तर कॉर्क शहरातल्या एका क्लबने, ज्याने १९८८ मध्ये एका परक्या दिसणाऱ्या पोराला हर्ली दिली, त्यानेच सतरा वर्षांनी सांगितलं की हा आमचा माणूस, काउंटीचं नेतृत्व हा करेल.

२००५ चा सीझन सोपा नव्हता. मॅनेजर आता जॉन ॲलन. सेमीफायनलमध्ये क्लेअरने कॉर्कचा घाम काढला, मागे पडलेली मॅच ०-१६ विरुद्ध ०-१५ अशी खेचून आणली. दुसऱ्या बाजूने गॉलवे आले, तेही किल्केनीला ५-१८ विरुद्ध ४-१८ अशा वेड्या स्कोअरने हरवून. फायनलमध्ये बेन ओ'कॉनरचा गोल, मग दुसऱ्या हाफमध्ये डेमियन हेजच्या गोलने गॉलवे परत जवळ आले, आणि शेवटच्या टप्प्यात कॉर्कच्या हाफ-बॅक लाइनने म्हणजे जॉन गार्डिनर, रोनन करन आणि शॉन ओग या तिघांनी दार बंद केलं. १-२१ विरुद्ध १-१६.

मग भाषण. कप घेऊन क्रोक पार्कच्या होगन स्टँडवरून कॅप्टनने बोलायची प्रथा आहे, बहुतेक जण आयरिश भाषेत सुरुवातीची दोन वाक्यं बोलतात आणि इंग्रजीवर येतात, कारण शाळेत सगळे आयरिश शिकतात पण सहज बोलणारे थोडेच. शॉन ओग पूर्ण भाषण आयरिशमध्ये बोलला. १९८० ला गॉलवेचा कॅप्टन जो कॉनोली असं बोलला होता, ते भाषण आजही आठवतात लोक, पण कॉनोली होता गॉलवेचा, जिथे आयरिश भाषिक भाग आहेत. इथे फिजीत जन्मलेला, सिडनीत वाढलेला माणूस देशाच्या जुन्या भाषेत ऐंशी हजार लोकांशी बोलतोय, आणि त्या भाषेत अडखळणारे बहुतेक जण आयर्लंडमध्येच जन्मलेले. आयरिश कोणाला म्हणायचं हा वाद तिथे तेव्हा जोरात होता, २००४ मध्येच जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वावर मर्यादा घालणारं सार्वमत झालं होतं. त्या वादाला याहून चांगलं उत्तर कोणी दिलं असेल असं मला वाटत नाही. आणि गंमत म्हणजे ज्या लिअम मॅकार्थीच्या नावाने तो कप आहे तो स्वतः लंडनमध्ये जन्मलेला, आईवडील कॉर्कचे. (आपल्यापैकी अनेकांना आयर्लंड आठवतं ते लिओ वराडकरमुळे, मालवणजवळच्या वराडचं मूळ असलेला, वडील मुंबईचे, २०१७ मध्ये पंतप्रधान. त्याच्या निवडीने जग चकित झालं तेव्हा मला वाटलं होतं की आयरिश लोकांच्या मनाची मशागत आधीच सुरू झाली होती, आणि त्यात या कॅप्टनचा वाटा आहे.)

इथपर्यंत गोष्ट सरळ चढत जाते. आता उतार.

२००६ च्या फायनलमध्ये किल्केनीने हरवलं, कॉर्कची सलग तिसरी हुकली. २००७ मध्ये जेराल्ड मॅकार्थी मॅनेजर झाला. त्याच मे महिन्यात थर्ल्सला क्लेअरविरुद्ध दोन्ही टीम मैदानात येतानाच हाणामारी झाली, त्यात क्युसॅक, डायरमिड ओ'सलिव्हन आणि शॉन ओग तिघांनाही बंदी. मग वर्षाच्या शेवटी दुसरा संप, हा मुळात फुटबॉल टीमचा. बोर्डाने ठरवलं की मॅनेजरचे सहाय्यक निवडकर्ते बोर्ड नेमणार, मॅनेजर नाही, आणि टेडी हॉलंडला मॅनेजर केलं. फुटबॉलवाले संपावर बसले, हर्लिंगवाले पाठिंब्याला उतरले, लीगच्या मॅच सोडून द्याव्या लागल्या. फेब्रुवारी २००८ मध्ये कामगार तंट्यांमध्ये मध्यस्थी करणारे किएरन मल्वी यांच्या निवाड्याने मिटलं, हॉलंडला जावं लागलं. खेळाच्या भांडणात सरकारी लेबर कमिशनचा प्रमुख बसवावा लागला यावरूनच समजा कॉर्कमध्ये विश्वास किती आटला होता.

आणि मग तिसरा. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये बोर्डाने मॅकार्थीला अजून दोन वर्षं दिली. नवीन पद्धतीनुसार निवड प्रक्रियेत खेळाडूंचे प्रतिनिधी होते, पण खेळाडूंचं म्हणणं की आम्हाला विचारलं ते नावापुरतं, निर्णय आधीच झालेला. ट्रेनिंगचा दर्जा २००४-०५ सारखा राहिला नाही अशीही तक्रार होती. २००८ च्या संघाने सांगितलं, मॅकार्थी असेल तर आम्ही नाही. शॉन ओग उघडपणे त्यांच्यात उभा राहिला. मॅकार्थीने हार मानली नाही, २००९ ची लीग नव्या पोरांना घेऊन खेळवली, त्या पोरांनी मार खाल्ला पण जर्सी घातली. शहर फुटलं, घरं फुटली. फेब्रुवारीत खेळाडूंच्या पाठिंब्यासाठी हजारो लोक कॉर्कच्या रस्त्यावर उतरले. क्लबांनी आपापल्या बैठका घेतल्या आणि वारं खेळाडूंच्या बाजूने फिरत गेलं. मार्चमध्ये मॅकार्थीने राजीनामा दिला, आणि देताना सांगितलं की मला जिवे मारायच्या धमक्या आल्या.

इथे मला थांबून बोलायचंय. मॅकार्थी हा कोणी बोर्डाचा बाहुला नव्हता. ५ ऑल-आयर्लंड जिंकलेला माणूस, १९६६ ला बारा वर्षांच्या दुष्काळानंतर कॉर्कला कप आणणारा कॅप्टन. त्याच्या पिढीच्या डोक्यात जर्सी म्हणजे असं काही जे मिळालं की डोळे मिटून घालायचं, प्रश्न विचारायचे नाहीत. शॉन ओगच्या पिढीच्या डोक्यात जर्सीचा मान म्हणजे तिच्यासाठी उत्तमात उत्तम तयारी मागणं, आणि ती मिळत नसेल तर ती न घालणं. दोघंही जर्सीसाठीच भांडत होते, आणि म्हणूनच ते इतकं कडवट झालं. माझं मत सांगतो: खेळाडूंची तक्रार प्रामाणिक होती, बोर्डाने २००८ मध्ये जखम ओली असताना तीच नेमणूक रेटणं हा मूळ दोष, पण त्याची किंमत जेराल्ड मॅकार्थीने चुकवली आणि ज्यांनी नेमलं ते खुर्चीत राहिले. हे बरोबर झालं नाही. संपकऱ्यांकडे २००२ ला स्पष्ट मागण्यांची यादी होती, जी मान्य करता येते. २००९ ला मागणी एका माणसाला काढायची होती, आणि माणूस काढायची मागणी अर्धी मान्य करता येत नाही, त्यामुळे कोणीतरी पूर्ण हरल्याशिवाय ते संपणारच नव्हतं. हा फरक त्या खेळाडूंनी आणि त्यातल्या ज्येष्ठ म्हणून शॉन ओगनेही ओळखायला हवा होता असं मला वाटतं, जरी त्याचा प्रामाणिकपणा मला कधीच खटकला नाही. पाठीशी विजेत्या कॅप्टनचं नाव असताना गप्प बसून दोन्हीकडे गोड राहणं त्याला सहज जमलं असतं, तो तसं वागला नाही.

पुढचं लवकर सांगतो. डेनिस वॉल्श मॅनेजर झाला, टीम परत आली, पण वेळ निघून गेली होती, किल्केनीने २००६ ते २००९ सलग ४ जिंकल्या. २०१० च्या सीझननंतर वॉल्शने शॉन ओगला सांगितलं की पुढच्या वर्षी तू संघात नाहीस. ३३ वर्षांचा होता. कॉन्ट्रॅक्ट नाही, निरोपाची मॅच नाही, ज्या व्यवस्थेत कॅप्टनपद विश्वासावर मिळतं त्या व्यवस्थेत जाणंही असंच एका निर्णयावर. खूप लोकांना ते लागलं. पण २०१२ मध्ये जिमी बॅरी-मर्फी मॅनेजर म्हणून परतला, जो १९९९ ला मॅनेजर होता, आणि त्याने शॉन ओगला परत बोलावलं. ३५ व्या वर्षी तो पुन्हा चॅम्पियनशिप खेळला, सेमीफायनलला गॉलवेकडून हरले, आणि त्याच वर्षी त्याने निवृत्ती घेतली, या वेळी स्वतःच्या मर्जीने.

संपांनी कॉर्कचं नुकसान केलं का? तिथले लोक आजही यावर भांडतात. २०१३ ची फायनल रिप्लेमध्ये क्लेअरकडून हरले, २०२१ ला लिमरिकने चिरडलं, २०२४ ला परत क्लेअर आणि तेही एक्स्ट्रा टाइममध्ये एका पॉइंटने, २०२५ ला टिपररी. काही जण म्हणतात संपाने एक पिढी तोडली, क्लब आणि बोर्डमधला दुवा तोडला. मला ते अर्धवट पटतं. दुष्काळाला किल्केनी आणि नंतर लिमरिक यांच्या असामान्य टीमही कारण आहेत, आणि संपाच्या मागण्यांमधून जे मिळालं, डॉक्टर, प्रवास, तयारीचा दर्जा, ते आज प्रत्येक काउंटीचा खेळाडू गृहीत धरतो. ज्या २० वर्षांच्या पोराला आज मॅचनंतर फिजिओ मिळतो त्याला २००२ च्या नोव्हेंबरमध्ये कोणी काय पणाला लावलं हे बहुतेक ठाऊकही नसेल.

राहता राहिला सेटांटा, धाकटा भाऊ, ज्याने २००३ ला कॉर्ककडून धमाल केली आणि लगेच ऑस्ट्रेलियात कार्लटन क्लबकडे तिथलं पगारी ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळायला गेला, नंतर आणखी एक भाऊ ऐसाकेही तिकडेच गेला आणि मग परत आला. एकाच घरातले भाऊ, धाकट्यांना खेळाचे पैसे मिळाले, मोठ्या शॉन ओगला मिळाले नाहीत. त्याच्या वाट्याला आला ना पीअर्सिग क्लब, बँकेतली नोकरी, आणि २००५ च्या कपावर कॅप्टन म्हणून नाव. त्यानंतर कॉर्कच्या एकाही हर्लिंग कॅप्टनला तो कप उचलता आलेला नाही, २०२५ ची फायनल धरून.